खोडवा ठेवायचा की नवी लागण?

वाचकांचे प्रश्न : मैदानावरून

मागच्या अंकात अमेरिकेतल्या शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाचं गाडं चिखलात रुतलंय, असं एक वाक्य सहज लिहून गेलो. कोल्हापुरात फुटबॉल सोडून दुसऱ्या चेंडूवरूनही भांडणारी एवढी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. पत्रं बरीच आली, त्यातली तीन घेतो. कुस्तीवाल्यांनी रागावू नये, पुढचा अंक तुमचाच.

प्रश्न : आमच्याकडे पहाटेच टीव्ही लागतो. नवरा आणि मुलगा अमेरिकेतलं बास्केटबॉल बघतात. मार्चच्या सुमारास दोघंही एकदम म्हणाले, "आता हरले तर बरं." आपलाच संघ हरावा असं वाटणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. आयपीएलमध्ये असलं काही ऐकलं नाही. हा ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, दोघंही शुद्धीवर आहेत, काळजी नसावी. आयपीएलमध्ये लिलाव असतो. सगळ्यांच्या थैलीची मर्यादा सारखी, ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. तळाला राहिला म्हणून कुणाच्या थैलीत जास्तीचा रुपया पडत नाही. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बास्केटबॉल लीगमध्ये, नव्या पोरांसाठी बोली नसते, पाळी असते. तोच ड्राफ्ट. संघ ३०, फेऱ्या २, साधारण जून महिन्यात. पाळीचा क्रम ढोबळ मानाने उलटा, म्हणजे जो खाली राहिला त्याने आधी उचलायचं. वाटणीत पडत्या घरच्या भावाला पहिला हात घालू द्यावा, तसं. शिवाय पहिल्या फेरीत घेतलेल्या पोराचा पगार ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे असतो आणि तो चार वर्षं स्वस्तात पडतो. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्यामुळे स्वस्त आणि चांगला पोरगा म्हणजे सोनंच.

हेतू चांगला होता. पण हरणाऱ्याला बक्षीस ठेवलं की माणसं हरायला शिकतात, त्यालाच टँकिंग म्हणतात. पूर्वी, १९६६ ते १९८४ पर्यंत, दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक व्हायची. १९७९ साली शिकागो आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांच्यात ती झाली. लेकर्स काही तळाला नव्हते. न्यू ऑर्लिन्सची पाळी त्यांनी आधीच्या एका व्यवहारात पदरात पाडून घेतलेली. शिकागोने छापा मागितला, काटा पडला आणि मॅजिक जॉन्सन लेकर्सकडे गेला. लेकर्सनी त्याच्या जोरावर पुढे पाच विजेतेपदं मिळवली. पाच वर्षांनी ह्यूस्टनचा संघ हंगामाच्या शेवटी मुद्दाम हरतोय असा बोभाटा झाला आणि १९८५ पासून लॉटरी आली. २०२५ पर्यंतच्या नियमाने प्लेऑफमध्ये न पोचलेले १४ संघ त्या लॉटरीत असतात. यंत्रात १४ चेंडू फिरतात, त्यातून चार काढतात आणि त्या चार आकड्यांची जुळणी ज्याच्याकडे असेल त्याची पहिली पाळी. आधी सगळ्यात वाईट संघाला पहिल्या पाळीची संधी २५ टक्के होती. २०१९ पासून तळाच्या तिघांनाही सारखीच, १४ टक्के. म्हणजे आता सगळ्यात वाईट ठरण्यातही फारसा फायदा उरलेला नाही.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या वर्गात ढकलले जातात, म्हणून तिथे जाणूनबुजून हरायची कुणाची छाती होत नाही. अमेरिकेत खाली ढकलायला खालचा वर्गच नाही. आणि आपल्याकडे? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम शिवाजी तरुण मंडळाविरुद्ध मुद्दाम हरली, तर त्या रात्री पोरांनी पेठेत पाय ठेवून दाखवावा.

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी २४ वर्षांचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. करवीर तालुक्यात आमचा दोन एकर ऊस. पप्पा कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचे, मायकेल जॉर्डनच्या वेळेपासून बुल्सचे. त्यांच्यामुळे मीही. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षं आम्ही प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या पात्रता सामन्यांत, मायामीकडून हरलो. माझं म्हणणं, सगळं मोडा, दोन-तीन वर्षं मार खा, ड्राफ्टमधून नवा संघ उभा करा. ओक्लाहोमा सिटी थंडरने तेच केलं आणि २०२५ ला थंडर विजेते ठरले. पप्पा म्हणतात, "मोडायला अक्कल लागत नाही." आता २०२५-२६ चा हंगाम तोंडावर आलाय. दोघं एकाच मोबाइलवर मॅच बघतो, पण थंडर म्हटलं की पप्पा उठून गोठ्यात जातात. सर, तुम्हीच निवाडा द्या.
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : निवाडा मागितलास म्हणून देतो, पण तो ऐकून तुम्ही दोघंही गोठ्यात जाल, ही तयारी ठेव.

आधी पप्पांची बाजू, कारण तू ते बघितलेलं नाहीस. १९९८ मध्ये सहावं विजेतेपद मिळालं आणि त्या उन्हाळ्यात सगळा संघ मोडला. जॉर्डन गेला, पिपेन गेला, रॉडमन गेला, प्रशिक्षक फिल जॅक्सनही गेला. पुढचा हंगाम मालकांच्या टाळेबंदीमुळे ५० सामन्यांचाच झाला, त्यात १३ जिंकले. मग ८२ पैकी १७. मग १५. मग २१. सहा हंगाम प्लेऑफचं तोंड दिसलं नाही. तू सांगतोयस तेच औषध होतं ते : मोडा, हरा, ड्राफ्ट. १९९९ ला पहिली पाळी मिळाली, एल्टन ब्रँड घेतला. पोरगा अस्सल निघाला. पहिल्या दोन्ही हंगामांत सामन्यामागे २० गुण आणि १० रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेले चेंडू पकडणं. तर २००१ च्या ड्राफ्टच्या रात्री त्यालाच देऊन थेट शाळेतून आलेला टायसन चँडलर घेतला. म्हणजे उगवलेलं उपटून दुसरं बी टाकलं. आम्ही तेव्हा डोकी धरून बसलो होतो. पप्पा "मोडायला अक्कल लागत नाही" म्हणतात ना, त्या वाक्यामागे ही सहा वर्षं आहेत.

आणि नशीब उघडलं तरी काय होतं, तेही त्यांनीच पाहिलंय. २००८ ला बुल्सना पहिल्या पाळीची संधी होती अवघी १.७ टक्के. लागली! शिकागोतच वाढलेला डेरिक रोझ आला, २०११ ला २२ व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्या हंगामात संघ ६२ सामने जिंकला. पुढच्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्या दिवशी माझ्या कोर्टावरच्या पोरांनी सराव केला नाही. मीही आग्रह धरला नाही.

आता तुझी बाजू. ती समजायला अमेरिकेत जायला नको, तुमच्या दोन एकरांत चल. पप्पांना विचार, लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांवर पहिला खोडवा का ठेवता? बेण्याचा खर्च वाचतो, नांगरट वाचते, अकरा-बारा महिन्यांत ऊस कारखान्याला जातो. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत घालायचं, नांग्या भरायच्या. शहाण्याचं काम आहे. त्यानंतरचा निडवाही रान कसदार असेल तर निघून जातो. त्याच्या पुढे मात्र फुटवे विरळ होतात, टनेज घसरतं आणि तरी माणूस "अजून एक वर्ष" म्हणत राहतो. कारण नवी लागण म्हणजे सगळा खर्च आधी, आणि आडसाली धरली तर दीड वर्ष हातात पैसा नाही.

बुल्सची लागण झाली २०२१ ला. लव्हीन आधीपासून होता, त्यात वुचेविच, डीरोझन, लोन्झो बॉल आले. २०२१-२२ ला ४६ विजय, जानेवारीपर्यंत बघायला काय मजा होती! मग लोन्झोचा गुडघा गेला. त्यानंतरच्या तीन हंगामांत विजय किती? ४०, ३९, ३९. पहिला खोडवा, निडवा, आणि त्याच्यापुढचा ज्याला आपल्याकडे नावच नाही, कारण शहाणा शेतकरी तो ठेवत नाही. तुझे पप्पाही ठेवत नसणार. मग शिकागोत तो का चालवून घेतात, हे त्यांना चहाच्या वेळेला विचार. गोठ्यात जायच्या आधी.

पण संघ चाळिशीत अडकला यात मला पाप दिसत नाही. ३९ सामने जिंकणं म्हणजे ३९ सकाळी लोक आनंदात कामाला गेले. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. वुचेविचला आणताना बुल्सनी ऑरलँडोला पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या देऊन टाकल्या. त्यातल्या एकीवर ऑरलँडोने २०२१ ला आठव्या क्रमांकावर फ्रान्झ वॅग्नर घेतला. तो त्यांचा आधारस्तंभ झाला आणि वुचेविच पस्तिशीला पोचला. बास्केटबॉलवाले पाळीला पिक म्हणतात. आपण त्याला दीर्घ ईकार दिला की अर्थ नीट लागतो : उभं पीक विकून म्हातारा बैल आणला. २०२४ मध्ये ॲलेक्स करुसो थंडरला दिला, बदल्यात जॉश गिडी घेतला. गिडी चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण थंडरच्या कोठारात पाळ्यांची थप्पी लागलेली असताना सोबत एकही मागून घेतली नाही! वडगावच्या बाजारात बैल विकणारा निदान दोरखंडाचे तरी पैसे सुटे मागतो. वर्षभरात करुसोच्या हातात विजेत्याची अंगठी.

म्हणजे तुझं अर्धं खरं. हा खोडवा मोडायलाच हवा. पण "मार खा आणि ड्राफ्टमधून उभं राहा" म्हणतोस तिथे थांब.

२०२१ ते २०२५ च्या पाच विजेत्या संघांचा कणा कोण होता ते बघ. २०२१ मिलवॉकी, यानिस अँटेटोकुम्पो, ड्राफ्टमध्ये १५ वा. २०२२ गोल्डन स्टेट, स्टेफन करी, ७ वा. २०२३ डेन्व्हर, निकोला योकिच, ४१ वा. त्याचं नाव पुकारलं तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर खाण्याची जाहिरात चालू होती! २०२४ बॉस्टन, जेसन टेटम, ३ रा. २०२५ थंडर, शे गिल्जस-अलेक्झांडर, ११ वा. पहिल्या पाळीवर उचललेला यात एकही नाही. वरच्या पाळीत हिरा सापडण्याची शक्यता जास्त हे कबूल. टिम डंकन पहिलाच होता, लेब्रॉनही पहिलाच. पण हरणं म्हणजे हिरा नव्हे. ते एक तिकीट आहे, आणि तिकीट काढणाऱ्यांची रांग मोठी आहे.

फिलाडेल्फियाला विचार. २०१३ पासून त्यांनी हे शास्त्र म्हणून केलं. तीन हंगामांत १९, १८ आणि १० विजय, म्हणजे २४६ सामन्यांत ४७. प्रेक्षक "प्रक्रियेवर विश्वास ठेवा" अशा घोषणा द्यायचे. मिळालं काय? जोएल एम्बीड, जो पायाच्या दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम खेळलाच नाही, पण पुढे २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू झाला. बेन सिमन्स, पहिली पाळी. मार्केल फुल्ट्झ, पहिली पाळी. आणि इतकं होऊन २०२५ पर्यंत प्लेऑफची दुसरी फेरी ओलांडली नव्हती. ज्याने हे आरंभलं तो व्यवस्थापक २०१६ ला मधूनच राजीनामा देऊन गेला. डेट्रॉइट २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं सगळ्यात तळाला होतं. एका हंगामात तर सलग २८ सामने हरले. लॉटरीत दोन्ही वेळा पाचव्या पाळीवर घसरले, त्याहून खाली घसरताच येत नाही. शार्लटने २०११-१२ मध्ये ६६ पैकी ७ जिंकले, इतिहासातली सगळ्यात वाईट टक्केवारी. त्या ड्राफ्टमधला हिरा अँथनी डेव्हिस गेला न्यू ऑर्लिन्सला. आणि २०२५ च्या ड्राफ्टमधला हिरा कूपर फ्लॅग कुणाला मिळाला? डॅलसला, १.८ टक्क्यांवर. डॅलस तर प्ले-इन खेळून आलं होतं!

राहिलं थंडर. त्यांचं नाव तू घेतलंस, पण त्यांनी काय केलं ते अर्धंच सांगितलंस. २०१९ ला त्यांच्या मोठ्या खेळाडूने, पॉल जॉर्जने, स्वतःच सोडायचं ठरवलं. लॉस एंजेलिस क्लिपर्सना तो हवाच होता, म्हणून थंडरने त्यांच्याकडून शे घेतला, गॅलिनारी घेतला, वर पहिल्या फेरीच्या पाच पाळ्या घेतल्या. त्या पुढच्याच हंगामात ते प्लेऑफ खेळले, ह्यूस्टनशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजले. तळ गाठला तो नंतर, दोनच हंगाम : २२ विजय आणि २४ विजय. क्लिपर्सच्या त्या पाळ्यांपैकी एकीवर २०२२ ला १२ व्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला, ज्याने २०२५ च्या अंतिम फेरीतल्या पाचव्या सामन्यात ४० गुण टाकले. स्वतःच्या हरण्यातून आलेला मोठा खेळाडू म्हणजे चेट होल्मग्रेन. बाकीचं बियाणं दुसऱ्याच्या कोठारातून, वेळेवर केलेल्या सौद्यातून आलं. आणि ज्यांना त्यांनी त्या अंतिम फेरीत सात सामन्यांत हरवलं त्या इंडियानाने काय केलं? तळाला लोळायला नको म्हणून २०२२ मध्ये चांगला चालणारा साबोनिस देऊन टायरीस हॅलिबर्टन घेतला. सातव्या सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली नसती तर तू मला इंडियानाचं उदाहरण देऊन पत्र लिहिलं असतंस.

मला स्वतःला पटतो तो बॉस्टनचा मार्ग. २०१३ मध्ये केव्हिन गार्नेट आणि पॉल पियर्स, संघाचे देव, पण वय झालेले. ब्रुकलिनला विकले, बदल्यात भविष्यातल्या पाळ्या. मग ब्रुकलिन हरत राहिलं आणि फळं बॉस्टनने खाल्ली : २०१६ ला जेलन ब्राऊन, २०१७ ला टेटम. बॉस्टन स्वतः मात्र तेव्हा जिंकतच होतं, २०१६-१७ मध्ये ५३ सामने. दुसऱ्याच्या बांधावर पडलेला पाऊस आपल्या विहिरीत घेतला.

तर निवाडा. बुल्सनी, ज्यांचं वय तिशीच्या पुढे आहे त्या सगळ्यांना, बाजारात भाव आहे तोवर विकावं आणि बदल्यात खेळाडूपेक्षा पाळ्या मागाव्यात. संघातल्या बुझेलिससारख्या तरुण पोरांना पूर्ण वेळ खेळवावं. त्यातून संघ हरला तर हरू दे. पण जिंकता येणारा सामना प्रशिक्षकाने सोडू नये, एकही. २०२३ मध्ये डॅलसने पाळी वाचवण्यासाठी शेवटी-शेवटी मुख्य खेळाडू बसवून ठेवले, त्यांना साडेसात लाख डॉलर दंड झाला. दंड भरणं श्रीमंताला परवडतं. बाकावर बसलेल्या विशीतल्या पोराच्या अंगात जे मुरतं त्याची पावती कुणी फाडत नाही. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

पप्पांना माझा नमस्कार सांग. कॉलेजात ते कोणत्या जागेवर खेळायचे ते कळव. माझा अंदाज, चेंडू घेऊन डाव रचणारा पॉइंट गार्ड. असली वाक्यं पॉइंट गार्डच बोलतात.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. १७ वर्षांखालील मुलींच्या संघात सात मुली दहावीच्या आहेत, चांगल्या खेळतात, विभागीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकतात. पण पुढच्या वर्षी त्या नसतील. आठवीच्या पाच मुली होतकरू आहेत. एक सहकारी म्हणतात, आत्ताच आठवीच्या मुलींना उतरवा, दोन वर्षांनी संघ तयार होईल. काय करावं?
— एक क्रीडाशिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : मॅडम, एनबीएत हरण्याबद्दल निदान एक तिकीट मिळतं. शाळेत तेही नाही. तुम्ही हरलात म्हणून जूनमध्ये पाचवीला उंच मुली जास्त येणार नाहीत. तेव्हा सहकाऱ्यांचा हिशेब शाळेला लागूच होत नाही.

तरी तो मोह मला ठाऊक आहे. १९९४ साली मी एका शाळेत होतो, नाव सांगत नाही. दहावीची सहा पोरं होती, बरी खेळायची, जिल्ह्यात तिसरी-चौथी यायची. मी तेव्हा पस्तिशीत, दूरदृष्टीचा आजार झालेला. ठरवलं, दरवर्षी तिसरं येण्यात काय राम आहे? दहावीच्या पोरांना बसवलं आणि आठवीची लहानगी उतरवली. मुख्याध्यापकांना सांगितलं, दोन वर्षं द्या, विभागाला नेतो.

पहिल्या वर्षी पाचही सामने हरलो. एकात ५० च्या वर फरक होता. दुसऱ्या वर्षी त्यातले दोन जिंकता आले असते. एका सामन्यात शेवटचे चार मिनिटं उरलेली, आम्ही सहा गुणांनी पुढे. आणि माझ्या लक्षात आलं की पोरं घड्याळाकडे बघताहेत. पुढे असताना काय करायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चेंडू हातात आला की पटकन दुसऱ्याला देऊन मोकळे, गरम वाटी असल्यासारखा. नऊ गुणांनी हरलो. बसमध्ये एकही पोरगं रडलं नाही, ते मला जास्त लागलं. त्यानंतर त्या लहानग्यांतले पाच जण फुटबॉलला गेले. कोल्हापुरात फुटबॉलला जायला काही कारण लागत नाही म्हणा, पण मी त्यांना ते दिलं होतं. आणि ज्या सहा जणांना बसवलं त्यातल्या दोघांचे क्रीडा सवलतीचे गुण हुकले असावेत, कारण त्या वर्षी तो संघ विभागाला जाण्यासारखा होता. तसं ते तोंडावर कुणी बोललं नाही.

दहा-बारा वर्षांनी त्यातला एक शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भेटला. सामना चालू होता, पेठेचा गडी असल्यामुळे घसा बसलेला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला हरायला लई भारी शिकवलासा." हसत म्हणाला. मी चहा पाजला.

म्हणून तुम्हाला सांगतो, दहावीच्या सातही जणींना खेळवा. विभागाला जायचंय असं उघड सांगा, मनात ठेवू नका. आठवीच्या पाचांपैकी दोघी संघात घ्या आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका वेळी एकीला चार-पाच मिनिटं द्या, पण बाकी चारही मोठ्या मुली सोबत असताना. पाच छोट्या एकदम नकोत. सरावाला प्रत्येक मोठीच्या हाताखाली एक छोटी लावा. फ्री थ्रो मोठीने मारायचे, मोजायचे छोटीने, वहीत लिहायचे. महिन्याभराने वही उलटी करायची. उरलेल्या तिघींना तालुक्याच्या दोस्ती सामन्यांत खेळवा. तिथे हरल्या तर काही बिघडत नाही, पण तिथेही गुणफलक लावा. लहान मुलींना वाटू देऊ नका की हा सामना मोजायचा नाही.

आठवीच्या सगळ्या मुलींना पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ खेळवायची वेळ कधी येते? मोठ्या मुली बऱ्या नसतील तेव्हा. किंवा मोठ्या मुलींनाच खेळायचं नसेल तेव्हा, जे दहावीच्या वर्षात होतं. क्लास असतो, घरचे नको म्हणतात. पालकांना एकदा शाळेत बोलावून सवलतीच्या गुणांचं नीट समजावून सांगा. मुलीच्या वडिलांपेक्षा आईला सांगितलेलं लवकर पोचतं, हा माझा अनुभव.

दिवाळीच्या सुट्टीत मुलींना घेऊन कोल्हापूरला या. आमच्या मुलींबरोबर दोन सामने खेळवू, एक मोठ्यांचा, एक मिसळ. येताना बूट चांगले घालायला सांगा. आमच्या कोर्टाच्या उत्तरेकडच्या रिंगखाली सिमेंट उखडलंय, आणि तीन पावसाळे झाले तरी ते कुणी भरलेलं नाही.